आवाज कुणाचा?

२४ ऑक्टोबर २०१२ चा दसरा. शिवाजी पार्कवर शिवसेनेचा मेळावा नेहमीसारखा भरला होता. फक्त ज्यांना ऐकायला माणसं आली होती ते व्यासपीठावर नव्हते. बाळासाहेब ठाकरे पडद्यावर होते, आधी चित्रित करून ठेवलेल्या भाषणात. चेहरा ओढलेला, आवाज खोल गेलेला, मध्येच लागणारी धाप. आपण शरीरानं थकलो आहोत हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मला सांभाळलंत तसं उद्धवला आणि आदित्यला सांभाळा, असंही सांगितलं. महिन्याच्या आत, १७ नोव्हेंबरला, ते गेले.

१६ एप्रिल २०२५ ला नाशिकमध्ये उद्धव ठाकरे यांच्या पक्षाचं शिबिर होतं. तिथं बाळासाहेब पुन्हा बोलले. तमाम हिंदू बांधवांना, भगिनींना आणि मातांना घातलेली ती ओळखीची साद, तोच ठाकरी बाज. भाषण दहा मिनिटांहून अधिक चाललं. त्यात एकनाथ शिंदे यांच्या बंडाचा समाचार होता, भाजपवर कोरडे होते. शिंदे यांचं बंड जून २०२२ मधलं. म्हणजे वक्त्याच्या निधनानंतर जवळपास दहा वर्षांनी घडलेलं. तो आवाज एआयनं तयार केलेला होता आणि पक्षानं ते लपवलंही नव्हतं.

दोन्ही वेळा माणूस समोर नव्हता, दोन्ही वेळा तंत्र मध्ये होतं. पण २०१२ च्या पडद्यावर एक शरीर होतं आणि ते स्वतःच्या थकव्याची साक्ष देत होतं. जे सभेला येऊ शकलं नाही ते पडद्यावर आलं आणि न येण्याचं कारण सांगून गेलं. २०२५ च्या आवाजाला धाप नव्हती. त्याला वय नव्हतं, आजारपण नव्हतं, आणि कुणी विचारलंच तर उत्तर द्यायला माणूसही नव्हता.

डीपफेक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फसवणूक येते: खोटा व्हिडीओ, भोळा मतदार, कुठंतरी अंधाऱ्या खोलीत बसलेला बदमाश. नाशिकमध्ये असं काही झालं नाही. समोर बसलेल्या प्रत्येकाला साहेब हयात नाहीत हे ठाऊक होतं. तरीही आवाज घुमला आणि दाद मिळाली. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. खोटं आहे हे माहीत असूनही जे काम करतं, त्याचं काय करायचं? त्याला खोटं तरी म्हणता येतं का?

*

गेलेल्या माणसाच्या तोंडी वाक्यं घालणं आपल्याला नवं नाही. कीर्तनकार उत्तररंगात आला की तुकोबा बोलायला लागतात, शाहीर डफावर थाप मारून महाराजांना दरबारात उभं करतो. पण तिथं बुवा समोर उभे असतात. त्यांचा घाम दिसतो, आवाज फाटतो, आणि आख्यान रंगलं नाही तर गावातला एखादा म्हातारा पारावर बसून त्यांची बिनपाण्यानं करतो. तुकोबांच्या नावावर बुवांनी काय खपवलं याची जबाबदारी बुवांवर असते. नाशिकच्या भाषणात बुवा गायब आहेत. उरतो तो थेट तुकोबांचा आवाज.

आवाजाबद्दल शिवसैनिकांचा कान किती तिखट आहे याचा एक किस्सा ताजा आहे. 'ठाकरे' हा चित्रपट २०१९ च्या जानेवारीत आला. त्यात बाळासाहेबांच्या भूमिकेत नवाजुद्दीन सिद्दीकी होते आणि मराठी आवृत्तीच्या ट्रेलरला आवाज होता सचिन खेडेकर यांचा. खेडेकर कसलेले नट. पण ट्रेलर येताच तक्रारींचा पाऊस पडला, हा आवाज साहेबांचा वाटत नाही म्हणून. निर्मात्यांनी माघार घेतली आणि चेतन सशीतल यांच्याकडून आवाज करून घेतला. म्हणजे सोंग आहे हे मान्य होतं, सोंग नीट वठावं एवढीच अट होती. एआयनं ती अट पुरी केली आणि सोंग आणणाऱ्याची गरज संपवली. चेतन सशीतल यांनी आवाज काढला तर त्यांचं नाव श्रेयनामावलीत येतं. नाशिकच्या भाषणाची संहिता कुणी लिहिली, हे श्रोत्यांना कुणी सांगितलं नाही.

यात एक विचित्र योगायोग आहे. बाळासाहेब मुळात व्यंगचित्रकार. 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये उमेदवारी केलेले, १९६० मध्ये 'मार्मिक' काढणारे. पुढाऱ्याचं अख्खं शरीर चारदोन रेषांत पकडायचं, नाक वाढवायचं, पोट फुगवायचं, आणि माणूस नावाशिवाय ओळखू यायला हवा, हे त्यांचं शिक्षण. तेच कसब त्यांनी स्वतःवर चालवलं. भगवी शाल, रुद्राक्षांच्या माळा, मोठ्या काड्यांचा चष्मा, उंच सिंहासन. एवढ्या खुणा लांबून दिसल्या की पुरे. यंत्राला शिकवायला असा माणूस सोपा जातो. ज्यानं स्वतःला आधीच खुणांमध्ये बसवलं आहे, त्याच्या खुणा उचलून शरीर मागे सोडता येतं.

आणि यंत्राआधी माणसांनीही ते केलं होतं. राज ठाकरे व्यासपीठावर उभे राहिले की हातवारे, थांबे, मधूनच केलेल्या नकला यांत काका दिसायचे. तो त्यांच्या राजकारणाचा पहिला मूलाधार होता. शिंदे यांची दाढी आणि कपाळावरचा टिळा पाहिला की ठाण्यात त्यांचे गुरू आनंद दिघे आठवतात, आणि 'धर्मवीर' हा दिघे यांच्यावरचा चित्रपट बंडाच्या जेमतेम महिनाभर आधी, मे २०२२ मध्ये, झळकला होता. शिवसेनेतला वारसा कागदावर कमी आणि देहबोलीत जास्त चालत आला आहे. निवडणूक आयोगानं १७ फेब्रुवारी २०२३ ला नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांना दिलं. उद्धव यांच्याकडे आडनाव राहिलं. मग आवाज कुणाचा, हा सभांमधला जुना घोषणारूपी प्रश्न अचानक मालमत्तेचा प्रश्न झाला.

*

डिजिटल तंत्रानं राजकारणातलं शरीर पुसून टाकलं, असं म्हणणं मात्र अर्धंच खरं. १८ ऑक्टोबर २०१९ ची साताऱ्याची सभा आठवा. पाऊस आला, छत्री नाकारून शरद पवार बोलत राहिले. वय ७८, तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन गेलेली, पाय सुजलेले, शर्ट अंगाला चिकटलेला. मैदानातली माणसं असून असून किती असणार? पण त्या रात्री हातातल्या फोनवरून ते भिजणं महाराष्ट्रभर पोचलं. तीन दिवसांनी मतदान झालं आणि साताऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत उदयनराजे भोसले पडले. एका भाषणानं निवडणूक फिरते असं मी मानत नाही; पण पवार काय बोलले हे आज किती जणांना आठवतं? भिजणं आठवतं. तिथं तंत्रानं शरीराची किंमत वाढवली होती, कारण ते शरीर खरोखर पावसात उभं होतं आणि त्याला सर्दी होऊ शकत होती.

त्याच वर्षी, लोकसभेच्या प्रचारात, राज ठाकरे एकही उमेदवार उभा न करता सभा घेत हिंडत होते. 'ए, लाव रे तो व्हिडीओ' म्हटलं की मागच्या पडद्यावर नरेंद्र मोदी यांचं जुनं भाषण सुरू व्हायचं. सभेला पुराव्याची चटक लावणारा तो प्रकार होता. मतं किती फिरली हा भाग अलाहिदा. त्या सभांची सगळी मदार एका गोष्टीवर होती, की पडद्यावर दिसतोय तो माणूस आणि ऐकू येतंय ते वाक्य, दोन्ही त्याचंच आहे. २०१९ मध्ये कुणी उठून 'हा व्हिडीओ कशावरून खरा?' असं विचारलं असतं तर लोक हसले असते. पुढच्या पाच वर्षांत हसणं थांबलं.

फट पडायला सुरुवात झाली दिल्लीत. ७ फेब्रुवारी २०२०, विधानसभेच्या मतदानाचा आदला दिवस. भाजपचे तेव्हाचे दिल्ली प्रदेशाध्यक्ष मनोज तिवारी यांचे व्हिडीओ व्हॉट्सॲपवर आले. एकात ते इंग्रजी बोलत होते, दुसऱ्यात हरयाणवी. तिवारी भोजपुरी गायक-नट. मूळ चित्रीकरण हिंदी निवेदनाचं होतं. ओठ बदलून नवी वाक्यं बसवली होती. पक्षाच्या सांगण्यानुसार हे व्हिडीओ दिल्ली आणि आसपासच्या सुमारे ५,८०० व्हॉट्सॲप गटांत गेले. कुणाला फसवायचा उद्देश नव्हता, पक्षानंच आपल्या माणसाचं केलं होतं. पण भोजपुरी गळ्याला एका रात्रीत हरयाणवी ओळख मिळाली होती, आणि हरयाणवी मतदाराला वाटावं की हा गडी आपल्या बोलीत बोलतोय.

आपल्या राजकारणात बोली ही ओळखीची पहिली पावती. विदर्भात जाऊन दोन वाक्यं वऱ्हाडीत टाकायची, कोकणात मालवणीत गाऱ्हाणं घालायचं, यासाठी नेत्याला थोडी तरी जीभ वळवावी लागते. वळताना ती चुकते, लोक हसतात, आणि त्या चुकण्यात एक प्रकारचा आदर असतो. डिसेंबर २०२३ मध्ये वाराणसीच्या काशी तमिळ संगममध्ये पंतप्रधानांचं हिंदी भाषण 'भाषिणी' या सरकारी एआय प्रणालीतून तमिळ श्रोत्यांना त्याच वेळी तमिळमध्ये ऐकू आलं. सोय म्हणून ते उत्तमच. पण चुकत-माकत दुसऱ्याची भाषा बोलण्याचे कष्ट त्यात गेले.

*

हे सगळं बनतं कसं? आवाजासाठी माणसाच्या बोलण्याचे स्वच्छ तुकडे लागतात. पूर्वी तासन्‌तासांचं ध्वनिमुद्रण लागायचं, आता काही मिनिटांत भागतं. यंत्र त्यातून पट्टी, लय, श्वासाच्या जागा, 'स' आणि 'श' यांची घसट शिकतं, आणि मग कुठलाही मजकूर त्या साच्यात ओतता येतो. ओठांसाठी वेगळं गणित. त्यातला एक गाजलेला मार्ग, 'वाव्ह टू लिप', २०२० मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांनी काढला. एका भाषेतला माणूस दुसऱ्या भाषेत बोलताना दिसावा, म्हणजे शिकवण्याचे व्हिडीओ आणि भाषांतरं सोपी व्हावीत, असा त्यामागचा विचार होता. प्रचारवाल्यांनी त्याचा पुढे काय उपयोग केला हा दोष त्या संशोधकांच्या माथी मारता येणार नाही.

या धंद्याची मोठी बाजारपेठ तमिळनाडूत उघडली. २३ जानेवारी २०२४ ला द्रमुकचे नेते टी. आर. बालू यांच्या आत्मचरित्राच्या प्रकाशनाला एम. करुणानिधी पडद्यावर आले. काळा चष्मा, पांढरा शर्ट, खांद्यावर पिवळी शाल. आठेक मिनिटं बोलले, जुन्या मित्राचं अभिनंदन केलं, आणि मुलाच्या, म्हणजे तेव्हा मुख्यमंत्री असलेल्या स्टॅलिन यांच्या, कारभाराचं कौतुक केलं. करुणानिधी ७ ऑगस्ट २०१८ ला गेले होते. महिनाभरात अण्णाद्रमुकनं जयललितांच्या जयंतीला त्यांचा आवाज ऐकवला. त्यांचं निधन डिसेंबर २०१६ मधलं. कन्याकुमारीत काँग्रेस उमेदवार विजय वसंत यांच्यासाठी त्यांचे दिवंगत वडील मतं मागताना दिसले.

करुणानिधींच्या पडद्यावरच्या देहाबद्दल एक तपशील मला विसरता येत नाही. निर्मात्यांनी त्यांना नव्वदच्या दशकातल्या चेहऱ्यानं उभं केलं. चाकाच्या खुर्चीतला, शेवटची वर्षं बोलू न शकलेला म्हातारा कुणाला नको होता. मृत नेत्याला परत आणताना त्याचं कोणतं वय आणायचं हे कुणीतरी बसून ठरवतं, आणि ते वय हमखास सत्तेच्या भरातलं असतं. मेलेला माणूस मुलाचं कौतुकच करतो, कधी कान धरत नाही, हेही लक्षात घेण्यासारखं. हयात बाप इतका आज्ञाधारक नसतो.

शरीर अडकलेलं असताना आवाज बाहेर जावा, अशीही एक गरज असते, आणि ती मी हलकी मानत नाही. पाकिस्तानात इम्रान खान तुरुंगात होते तेव्हा त्यांच्या पक्षानं १७ डिसेंबर २०२३ ला ऑनलाइन सभा घेतली. खान यांनी वकिलांमार्फत पाठवलेल्या टिपणांवरून मजकूर तयार झाला आणि एआयनं घडवलेल्या त्यांच्या आवाजात सुमारे चार मिनिटं वाजला. आवाज नकली होता, संमती खरी होती, आणि ज्याच्या नावानं बोललं गेलं तो 'हे माझं नाही' असं म्हणायला जिवंत होता. इंडोनेशियात प्रबोवो सुबियांतो यांनी याच तंत्राकडून नेमकं उलट काम करून घेतलं. मानवी हक्कांच्या उल्लंघनाचे आरोप असलेला हा माजी लष्करी अधिकारी २०२४ च्या प्रचारात गुबगुबीत गालांच्या, गोंडस कार्टूनच्या रूपात फलकांवर झळकला. तरुण मतदारांनी त्या गोंडस आजोबांना डोक्यावर घेतलं आणि ते राष्ट्राध्यक्ष झाले. एकाची गैरहजेरी भरून निघाली, दुसऱ्याच्या हजेरीतले डाग झाकले गेले.

आपल्याकडे मोठा पसारा फोनवर झाला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधीच्या दोन महिन्यांत एआयनं घडवलेल्या आवाजात ५ कोटींहून जास्त कॉल गेल्याचं या व्यवसायातल्या लोकांनीच पत्रकारांना सांगितलं. पलीकडून उमेदवाराचा आवाज, सुरुवातीला तुमचं नाव. पूर्वी नेत्यानं गर्दीत नावानं हाक मारली की माणूस आयुष्यभराचा बांधला जायचा. यशवंतराव चव्हाणांना गावोगावची नावं पाठ होती, अमक्यांना पाठ होती, अशा आख्यायिका त्यातूनच जन्मल्या. ते नाव लक्षात ठेवायला डोकं लागत होतं. आता मतदारांच्या यादीचा रकाना पुरतो.

*

आता त्या एका संध्याकाळकडे येतो. १९ नोव्हेंबर २०२४. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र विधानसभेचं मतदान. जाहीर प्रचार थांबलेला, भोंगे बंद, आचारसंहितेची शांतता. तेवढ्यात भाजपनं काही ध्वनिफिती पुढे आणल्या. त्यांतले आवाज सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे असल्याचा दावा होता आणि विषय होता बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरल्याचा. सुळे यांनी तो आवाज आपला नसल्याचं सांगून निवडणूक आयोग आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली. तथ्य तपासणाऱ्या 'बूम'नं फिती तपासणीच्या साधनांतून काढल्या, तेव्हा त्यांतल्या काही एआयनं बनवलेल्या असण्याची दाट शक्यता दिसली.

पण त्याआधीच एक वेगळी साक्ष झाली. मतदानाच्या दिवशी पत्रकारांनी अजित पवारांना विचारलं. त्यांचं उत्तर साधारण असं होतं, की दोघांबरोबर आपण काम केलं आहे, बोलण्याची ढब आपण ओळखतो, आवाज त्यांचाच आहे. चुलतभावानं बहिणीचा आवाज ओळखला. एरवी घरातल्या माणसाच्या कानापेक्षा मोठा पुरावा कुठला? पलंगावर पडल्यापडल्या जिन्यातल्या पावलांवरून कोण आलं ते आपण सांगतो. यंत्रानं घाव घातला आहे तो नेमका त्या कानावर. तो भाऊ प्रतिपक्षात असला तर विचारायलाच नको.

मतदान संपायच्या आधीचे ४८ तास प्रचार बंद ठेवण्याचा कायदा भोंग्यांच्या आणि मैदानांच्या जमान्यातला आहे. उमेदवाराचं शरीर घरी बसलं की प्रचार बसला, असं तो धरून चालतो. १९ नोव्हेंबरच्या रात्री सगळे उमेदवार घरी होते.

याच्या उलट बाजूचं उदाहरण चेन्नईचं. एप्रिल २०२३ मध्ये भाजपचे के. अण्णामलई यांनी तमिळनाडूचे तेव्हाचे अर्थमंत्री पलनिवेल त्यागराजन यांच्या नावावर दोन ध्वनिफिती जाहीर केल्या. त्यांत ते स्वपक्षातल्याच बड्यांच्या संपत्तीबद्दल बोलत होते. त्यागराजन यांनी फिती बनावट असल्याचं सांगितलं. पत्रकारांनी जाणकारांकडून तपासून घेतल्या तेव्हा एकीबद्दल ठाम काही सांगता आलं नाही, दुसरी मात्र खरी असल्याचं मत पडलं. पुढच्याच महिन्यात त्यांचं अर्थखातं गेलं. डीपफेक शक्य आहे एवढ्या माहितीनंच खऱ्या फितीला 'खोटी' म्हणायची वाट खुली होते, असा इशारा रॉबर्ट चेस्नी आणि डॅनिएल सिट्रन या अमेरिकी कायदेपंडितांनी काही वर्षं आधी दिला होता. आपल्याकडचे प्रचारवाले त्यांच्याही पुढे गेले. स्वतःच्याच उमेदवाराचे मुद्दाम भिकार दर्जाचे नकली व्हिडीओ बनवून द्या, अशा मागण्या आल्याचं या धंद्यातल्यांनी २०२४ मध्ये सांगितलं. उद्या खरा अडचणीचा व्हिडीओ बाहेर आलाच, तर तोही त्याच ढिगात टाकता यावा म्हणून! 'लाव रे तो व्हिडीओ'ला याहून चोख उत्तर कुणी दिलं नसेल.

कारवाईचं म्हणाल तर ती शरीर कुणाचं यावर ठरते. मे २०२४ मध्ये नाचणाऱ्या मोदींचा एक एआय व्हिडीओ फिरला. स्वतःला नाचताना पाहून मजा आली, असं म्हणत पंतप्रधानांनी तो पुढे पाठवला. त्याच सुमारास तशाच थाटाचा ममता बॅनर्जींचा व्हिडीओ टाकणाऱ्याला कोलकाता पोलिसांनी नोटीस धाडली. आणि बऱ्याच वेळा एआयची गरजही पडत नाही. त्याच निवडणुकीत अमित शहा यांचं आरक्षणावरचं भाषण कापून-जोडून फिरवलं गेलं, त्यावरून अटका झाल्या; तिथं हत्यार साधी कात्री होती.

*

तंत्राच्या कौतुकात एक जुनं डिजिटल तंत्र आपण विसरतो, आणि ते प्रत्येक चौकात लटकलेलं असतं: फ्लेक्स. डिजिटल छपाई स्वस्त झाली आणि महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्याला पहिल्यांदा स्वतःचं शरीर मिळालं. वर चौकटीत राष्ट्रीय नेते, त्याखाली राज्याचे, मध्ये आमदार, आणि खाली ओळीनं पोरं. कुणी गॉगल लावलेला, कुणी कानाला फोन धरलेला. चेहरा किती इंचाचा आणि कुणाच्या शेजारी, यावरून तालुक्याचं राजकारण वाचता येतं. पक्ष बदलला की संगणकावर एक डोकं काढून दुसरं बसतं. बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०१७ ला सविस्तर निकाल दिला, पुढेही वारंवार फटकारलं. फ्लेक्स हटले नाहीत. एआयचे नियम पाळले जातील असं मानणाऱ्यांनी जवळच्या चौकात एक चक्कर मारावी.

याच फ्लेक्सवर बायकांचं काय होतं? राज्यातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत. निवडून आलेल्या बाईंच्या अभिनंदनाचा फलक लागतो आणि त्यावर बाईंच्या बरोबरीनं, कधी त्यांच्याहून मोठे, त्यांचे यजमान हात जोडून उभे. तंत्र शरीर लहान करतं. दुसरीकडे तेच तंत्र बाईचं शरीर नको तेवढं मोठंही करतं. २०१८ मध्ये पत्रकार राणा अय्युब यांचा चेहरा अश्लील व्हिडीओवर चिकटवून फिरवला गेला, तेव्हा डीपफेक हा शब्द आपल्याकडे फारसा पोचलाही नव्हता. २०१९ च्या निवडणूककाळातल्या ९५ महिला नेत्यांना उद्देशून झालेल्या ट्वीटचा ॲम्नेस्टीनं अभ्यास केला, त्यांतली १३.८ टक्के त्रासदायक किंवा शिवीगाळीची होती. म्हणजे सातातलं एक. पुरुष नेत्याचा डीपफेक तो काय बोलला यावर असतो. बाईचा डीपफेक बहुतेक वेळा तिला बोलतं करतच नाही, त्याला तिचा देह पुरतो. आणि त्यावरचा खुलासाही तिलाच द्यावा लागतो, तो व्हिडीओ पुन्हा एकदा लोकांच्या डोळ्यांसमोर आणत.

*

कायदा याकडे कसा पाहतो? जिवंत माणसाबाबत बऱ्यापैकी स्पष्टपणे. राष्ट्रवादी फुटल्यावर शरद पवारांचं छायाचित्र अजित पवार गट वापरत होता. थोरले पवार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयानं, आता तुम्ही वेगळा पक्ष आहात तर स्वतःच्या ओळखीवर मतं मागा, अशा अर्थानं बजावत नाव आणि छायाचित्र न वापरण्याची हमी मागितली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या एआय नकलांना मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसंच संरक्षण मिळालं. गळा ही माणसाची मिळकत आहे, हे न्यायालयांनी मान्य केलं.

मेलेल्याचा गळा मात्र बेवारस आहे. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांनी मुलाच्या आयुष्यावरच्या चित्रपटाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानं जुलै २०२३ मध्ये म्हटलं की खासगीपणाचे आणि व्यक्तिमत्त्वाचे हे हक्क त्याच्याबरोबर संपले, ते वारशानं येत नाहीत. हा तर्क शिवसेनेला लावून पाहा. २५ जून २०२२ ला, बंडाच्या ऐन धुमश्चक्रीत, पक्षाच्या कार्यकारिणीनं ठराव केला होता की बाळासाहेबांचं नाव दुसऱ्या कुणी वापरायचं नाही. शिंदे गटानं ते वापरलं आणि वापरतो आहे. पवारांसारखं न्यायालयात जाऊन 'माझा फोटो काढा' म्हणायला बाळासाहेब नाहीत. उद्या शिंदे यांच्या मेळाव्यात तोच आवाज उद्धव यांच्यावर तुटून पडला तर त्याला खोटं कशाच्या जोरावर म्हणणार? रक्ताच्या नात्यानं आवाजाची मालकी येत असेल, तर पुतण्याचाही हक्क निघतो. मुलाला अधिकार आहे असं मला भावनेनं वाटतं. तरी वडिलांच्या मृत्यूनंतरच्या घटनेवर वडिलांचं मत काय पडलं असतं, हे सांगण्याचा अधिकार मी मुलालाही देणार नाही. ज्या माणसानं आयुष्यात अनेकदा स्वतःच्याच पक्षाला तोंडात बोट घालायला लावलं, त्याच्याबाबतीत तर मुळीच नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये बिहार काँग्रेसनं पंतप्रधानांच्या दिवंगत आई स्वप्नात येऊन मुलाची कानउघाडणी करतात असा एआय व्हिडीओ टाकला. आठवड्यात पाटणा उच्च न्यायालयानं तो काढायला लावला. भाजपला तेव्हा मृत आईच्या प्रतिष्ठेचा मुद्दा फार महत्त्वाचा वाटला आणि तो होताही. नाशिकच्या आवाजावर टीका करताना त्याच पक्षाच्या नेत्यांनी त्याला पोरखेळ ठरवलं होतं. दिवंगतांचा मान कुठे सुरू होतो आणि पोरखेळ कुठे संपतो, याची रेष पक्षागणिक हलते.

निवडणूक आयोगाची भूमिका हळूहळू घट्ट होत गेली. मे २०२४ मध्ये डीपफेक लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढायला सांगितलं, जानेवारी २०२५ मध्ये एआयच्या मजकुरावर तशी खूण करायला. २४ ऑक्टोबर २०२५ ला, बिहारच्या निवडणुकीच्या तोंडावर, मापच ठरवलं: व्हिडीओत दिसणाऱ्या जागेच्या किमान १० टक्के भागावर पट्टी, ध्वनिफितीत पहिल्या १० टक्के वेळात सूचना. फसवणुकीवर हा इलाज बरा आहे. नाशिकवर नाही. तिथं पट्टी लावली असती तरी टाळ्या तेवढ्याच पडल्या असत्या. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये कुठली आचारसंहिता लागू नव्हती, आणि ज्या महापालिकेच्या तयारीसाठी असली शिबिरं भरतात तिची निवडणूक या आयोगाकडे नसतेच. ती राज्य निवडणूक आयोग घेतो. मतदाराला शंका आली तर विचारायची सोयही तोकडी. तथ्य तपासणाऱ्या संस्थांनी एकत्र येऊन मार्च २०२४ मध्ये डीपफेक तपासणीसाठी व्हॉट्सॲप क्रमांक सुरू केला तेव्हा त्यावर इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू एवढ्याच भाषा होत्या.

त्या ऑक्टोबरच्या सूचनेत एक कलम आहे, ज्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. एआयनं बनवलेल्या प्रत्येक प्रचारसामग्रीची पक्षानं नोंद ठेवायची: कुणी बनवली, कधी बनवली. आयोगानं मागितली तर दाखवायची. पट्टीच्या मापापेक्षा मला हे कलम कामाचं वाटतं, कारण गायब झालेल्या बुवांचं नाव त्यातच सापडू शकतं. फक्त ती वही राहते पक्षाच्या कार्यालयात, आणि ती उघडून बघण्याचा अधिकार टाळ्या वाजवणाऱ्याला नाही.